दगडांच्या आधी दप्तर

२०२५ सालच्या मे महिन्याच्या सातव्या तारखेस, सीमेवरचा संघर्ष पेटत असतानाच, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशावरून देशातील २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम योजण्यात आली. भोंगे वाजविणे, दिवे मालविणे, महत्त्वाच्या कारखान्यांवर आच्छादने घालणे, नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्याच्या योजनेची उजळणी करणे, अशा तिच्या बाबी होत्या. आणि उत्तर प्रदेशातील ज्या गावांची नावे त्या यादीत होती त्यांत वाराणसीचे आणि गंगेपलीकडच्या मुघलसराईचेही नाव होते. काशी म्हणजे आयुष्याच्या उत्तरार्धात जाण्याचे, रणधुमाळीपासून दूर असलेले निवांत क्षेत्र, अशी जी समजूत मराठी मनात पिढ्यान्पिढ्या घर करून बसली आहे, तिला या सरकारी यादीने मुकाट्याने छेद दिला. कारण शत्रूचे लक्ष्य होऊ शकेल अशा नगरांतच या क्षेत्राची गणना सरकारदरबारी झालेली आहे.

तालमीच्या जाहीर कार्यक्रमात माणसांची चिंता होती आणि यंत्रांचीही होती, व ती असणे सर्वथा योग्यच होते. परंतु साडेसहा किलोमीटरांच्या नदीतटावर उभे असलेले घाट, त्यांच्या माथ्यावरचे वाडे, गल्लीबोळांतली देवालये आणि पाठशाळांतली हस्तलिखिते यांच्यासाठी त्यात एकही कलम नव्हते. हा दोष एका तालमीचा नव्हे, आपल्या एकंदर विचारपद्धतीचा आहे. वास्तूंचे रक्षण म्हणजे संकट कोसळल्यावर वाळूच्या गोण्या रचणे, अशी आपली कल्पना आहे. वस्तुतः ते रक्षण शांततेच्या काळात, मोजणीच्या साखळीने आणि कारकुनाच्या लेखणीने करावयाचे असते. काशीपुरते बोलावयाचे तर हे काम करण्याचे दायित्व जितके उत्तर प्रदेश सरकारचे आहे तितकेच महाराष्ट्राचेही आहे, आणि ते आजवर आपण पार पाडलेले नाही, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

काशीला बंदर म्हटले तर आजच्या वाचकास नवल वाटेल. परंतु ज्या दोन गोष्टींनी हे नगर घडविले त्यांत तीर्थमाहात्म्याइतकाच वाटा नदीवरील व्यापाराचा आहे. उत्तरेकडील राजघाटाच्या पठारावर १९४० साली रेल्वेच्या कामासाठी माती उकरताना जुन्या वसतीचे अवशेष उघडे पडले, आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन करून ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या आरंभापर्यंत मागे जाणारी वसती दाखवून दिली. ती वसती वाढली ती नदीच्या उताराच्या ठिकाणी, मालाच्या चढउताराच्या आधाराने. जवळच्याच गोला घाटाने धान्याच्या कोठारांची आठवण आपल्या नावात जपली आहे. घाट ज्या दगडाने बांधले तो चुनारचा वालुकाश्मही प्रवाहावरून नावांत घालूनच आणला जाई. म्हणजे नदी ही या वास्तुशिल्पाची नुसती शोभा नव्हती, तर त्याची पुरवठादारही होती. १८८७ साली राजघाटाजवळ डफरिन पूल, म्हणजे आजचा मालवीय पूल, रहदारीस खुला झाला आणि जलमार्गाचा व्यापार आगगाडीकडे वळला; तथापि २०१८ च्या नोव्हेंबरात रामनगर येथे राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एकवरील मालधक्क्याचे उद्घाटन होऊन काशी पुन्हा एकवार, निदान कागदोपत्री, नदीबंदर झाली आहे.

बंदर आणि युद्ध यांचा संबंध फार जुना आहे. जेथे माल उतरतो तेथे पैसा साचतो, जेथे पैसा साचतो तेथे देवालये आणि प्रासाद उभे राहतात, आणि नेमक्या त्याच कारणाने तेथे सैन्येही येतात. ११९४ साली महंमद घोरीच्या सैन्याने काशी लुटली; १६६९ साली औरंगजेबाच्या हुकुमाने विश्वेश्वराचे देवालय पाडण्यात आले. १७८१ च्या ऑगस्टात वॉरन हेस्टिंग्जने खंडणीच्या तगाद्यातून राजा चेतसिंगास शिवाला घाटावरच्या त्याच्याच वाड्यात अटकेत टाकले, तेव्हा काशीकरांनी उठाव करून पहाऱ्यावरचे शिपाई कापून काढले, राजा नदीच्या बाजूच्या खिडकीतून पागोट्यांच्या दोरावरून निसटला आणि गव्हर्नर जनरलसाहेबांस चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला. १८५७ च्या जूनमध्ये कर्नल नील याच्या अंमलात गावोगाव फाशीचे खांब उभे राहिले आणि राजघाटाच्या पठाराची इंग्रजांनी लष्करी तटबंदी करून टाकली. तेव्हा युद्ध या नगरास अपरिचित आहे असे कोणी म्हणू नये.

मग इतके होऊनही काशी उरली कशी? भाविक याचे उत्तर त्रिशूळावर ठेवील, आणि त्याच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक उत्तर दिसते, आणि ते पैठणहून काशीस गेलेल्या एका भट्ट घराण्याशी निगडित आहे. सोळाव्या शतकात या घराण्यातील नारायणभट्ट यांच्या पुढाकाराने आणि राजा तोडरमलाच्या साह्याने विश्वेश्वराचे देवालय भव्य स्वरूपात उभे राहिले. त्याच नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचून प्रयाग, काशी आणि गया येथील तीर्थांचा, त्यांच्या स्थानांचा आणि विधींचा शास्त्रोक्त तपशील नोंदविला. एवढेच नव्हे, तर राजसत्तेच्या आघाताने मूळ लिंग स्थानभ्रष्ट झाले तर उपासकाने काय करावे, याचाही विचार करून त्या स्थानाचे पूजन अखंड चालू ठेवण्याची वाट त्यांनी मोकळी केली. म्हणजे देवालय उभारणाऱ्या पुरुषाने देवालय पडण्याची शक्यता गृहीत धरून तिची तजवीज ग्रंथात करून ठेवली होती. पुढे देवालय खरोखरच पडले. ग्रंथ मात्र राहिला, आणि स्थानाची ओळखही राहिली. नारायणभट्टांचे पणतू गागाभट्ट यांनी देवालयाच्या पाडावानंतर पाचच वर्षांनी, १६७४ साली, रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला, हा योगायोग नुसता भावनेचा विषय करू नये. दगड गेल्यावरही जे ज्ञान लिखित स्वरूपात शिल्लक असते तेच पुढच्या पिढीस बांधकामाचा अधिकार देते, हा त्यातला व्यावहारिक बोध आहे.

अठराव्या शतकातील पुनर्निर्माणाकडे वळले म्हणजे तर काशीचा नदीतट हा मराठ्यांच्या जमाखर्चाचा दगडी उतारा आहे असे म्हणावेसे वाटते. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरयात्रेस निघाल्या आणि राजपूत व मोगल सरदारांनी त्यांचा मार्गात बंदोबस्त राखला. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर काशीस स्थायिक झाले आणि ब्रह्माघाट व दुर्गाघाट त्यांच्या हातून बांधले गेले. दशाश्वमेध घाट नानासाहेब पेशव्यांनी १७४८ च्या सुमारास पक्का केला; बिंदुमाधवाचे आजचे देवालय औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारले; विश्वेश्वराचे सांप्रतचे देवालय अहिल्याबाई होळकरांनी १७८० पर्यंत पुरे केले आणि मणिकर्णिकेचा घाटही त्यांनीच नव्याने बांधविला; नागपूरकर भोसल्यांनी आपल्या नावाचा घाट अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, त्यांच्याच दरबारातील श्रीधर नारायण मुनशी यांनी १८१२ मध्ये मुनशी घाट उभारला; आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८२८ साली ज्ञानवापीच्या विहिरीवर स्तंभमंडप व त्यानंतर दोनच वर्षांनी शिंदे घाट बांधविला. ही नामावळी अपुरी आहे, आणि ती अपुरी का आहे हे पुढे ओघाने येईलच.

या बांधकामामागे केवळ धर्मबुद्धी होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. १७४२ साली मल्हारराव होळकर फौजेनिशी काशीच्या परिसरात उतरले असता विश्वेश्वराच्या जुन्या जागेवरील मशीद पाडून देवालय पुन्हा बांधण्याचा त्यांचा मनसुबा कळताच, खुद्द काशीतील दाक्षिणात्य ब्राह्मण भयभीत झाले. फौज चार दिवसांत निघून जाईल आणि मागे राहणाऱ्या आम्हांस नबाबाचा क्षोभ सोसावा लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि तो बेत राहून गेला. ज्यांना युद्धभूमीवर घर करून राहावयाचे असते त्यांचा शहाणपणा आणि दूरच्या सेनापतीचा उत्साह यांतील अंतर या प्रसंगात स्वच्छ दिसते. पुढे अडतीस वर्षांनी अहिल्याबाईंनी जवळच्याच जागेवर, तलवार न उपसता, देवालय पुरे केले. मल्हाररावांच्या फौजेस जे साधले नाही ते त्यांच्या सुनेच्या खाजगीतील द्रव्याने साधले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काशी ही युद्धात हरलेल्यांची राजधानी होती. चेतसिंग निसटला तो पुढे शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरीस राहिला, हे खरे. परंतु उलट दिशेने काशीकडे येणाऱ्यांची रीघ त्याहून मोठी होती. पेशवाईच्या गृहकलहातून बाहेर पडलेले आणि कर्वीस इंग्रजांच्या तनख्यावर राहिलेले अमृतराव पेशवे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे घाट बांधला. १८१८ साली पुण्याची सत्ता संपली तेव्हा दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा काशीस येऊन राहिले, त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते, आणि म्हणूनच झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म सातारा-पुण्याकडे न होता अस्सीजवळच्या भदैनीत झाला. राज्य गेल्यावर माणसास आपले नाव टिकविण्यासाठी जी जागा लागते ती या पराभूतांना घाटांच्या पायऱ्यांत सापडली. अशा वास्तूंना नुसती ‘श्रद्धास्थाने’ म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांतील निम्मा इतिहास पुसून टाकणे होय.

या ठिकाणी आपल्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर लेखास एकांगीपणाचा दोष लागेल. १७३९ च्या मे महिन्यात थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा (हे वेगळे) यांनी वसई घेतली. ती पोर्तुगीजांची भरभराटीची बंदरनगरी होती, आणि तहाच्या कलमांनी शिबंदीस व रहिवाशांस मानाने बाहेर पडू दिले गेले, हे मराठ्यांस भूषणावह आहे. तथापि त्या नगरीचा व्यापार आणि वसती उठली ती कायमची, आणि आज तटाच्या आत चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. तेथून आणलेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या आणि मेणवलीच्या देवालयांत आजही टांगलेल्या आहेत व आपण त्या कौतुकाने दाखवितो. विजयचिन्ह म्हणून ते कौतुक समजण्यासारखे आहे. परंतु कोणती घंटा कोणत्या चर्चमधून उतरविली याची नोंद नसेल तर ती घंटा इतिहासाच्या दृष्टीने मुकी होते. युद्धाने वास्तूंचे होणारे नुकसान हा केवळ इतरांनी आपल्यावर केलेल्या अन्यायाचा विषय नाही, हे एकदा कबूल केले म्हणजे त्यावरचा विचार अधिक शांतपणे करता येतो.

आता वर्तमानकाळाकडे येऊ. काळ्या समुद्रावरील ओडेसा हे युक्रेनचे बंदर १७९४ साली वसविले गेले. त्याच्या ऐतिहासिक मध्यभागास युनेस्कोने जानेवारी २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या आणि त्याच वेळी संकटग्रस्त वारशाच्या यादीत घेतले. त्याच वर्षीच्या जुलैत समुद्रमार्गे धान्य नेऊ देण्याचा रशियाबरोबरचा करार मोडला, बंदरावर क्षेपणास्त्रांचा मारा सुरू झाला आणि २३ तारखेच्या पहाटे तेथील मुख्य कॅथीड्रलचे छप्पर कोसळले. हे तेच कॅथीड्रल, जे सोव्हिएत राजवटीने १९३६ मध्ये पाडले होते आणि जे लोकांनी शतक उलटताना पुन्हा उभारले होते. ओडेसाची गोची अशी की तिचा वारसा आणि तिचा धक्का यांच्यात अंतर नाही. ज्या व्यापाराने ते प्रासाद बांधले तो व्यापारच शत्रूचे लक्ष्य आहे.

ही गोची युद्धाच्या कायद्यालाही सोडविता आलेली नाही. सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणासाठी १९५४ साली हेग येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि ज्यास भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली, त्यातील ‘विशेष संरक्षणा’चे कलम असे सांगते की, ती वास्तू मोठे औद्योगिक केंद्र, विमानतळ, महत्त्वाचे बंदर, रेल्वे स्थानक अथवा दळणवळणाचा मुख्य मार्ग अशा मोक्याच्या ठिकाणांपासून पुरेशी दूर असली पाहिजे. या कसोटीवर काशी लावून पाहावी. घाटांच्या उत्तर टोकास मालवीय पुलावरून हावड्याकडची आगगाडी आणि मोटाररस्ता दोन्ही जातात; पलीकडे मुघलसराईचे विशाल रेल्वे यार्ड आहे, दक्षिणेस रामनगरचा मालधक्का आहे, आणि शहराच्या पश्चिम अंगास रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे. कायद्याने मागितलेले अंतर भूगोलानेच नाकारलेले आहे. अर्थात कराराचे सामान्य संरक्षण काशीस आहेच, पण त्यालाही ‘लष्करी आवश्यकता’ या दोन शब्दांची मुभा जोडलेली आहे, आणि अलीकडच्या युद्धांत त्या मुभेचा अर्थ किती ऐसपैस लावला जातो हे आपण पाहतोच आहोत.

पण याच करारात एक तिसरे कलम आहे, ज्याकडे फारसे कोणी वळत नाही. करारात सामील झालेल्या प्रत्येक राष्ट्राने आपल्या मुलखातील सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाची पूर्वतयारी शांततेच्या काळातच करून ठेवावी, असे ते सांगते. हे कलम शत्रूच्या सदिच्छेवर अवलंबून नाही, आणि त्याच्या अंमलबजावणीस तोफा लागत नाहीत, मोजणीदार लागतात. त्याचे मोल दोन उदाहरणांनी सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा नगरीचा जुना भाग जर्मनांनी पद्धतशीरपणे जमीनदोस्त केला. परंतु तेथील तंत्रविद्यापीठाच्या वास्तुविभागाने युद्धापूर्वी केलेली मोजमापांची रेखाटने आणि बेलोत्तो या अठराव्या शतकातील चित्रकाराची नगरदृश्ये शिल्लक होती, आणि त्यांच्या आधारे तो भाग पुन्हा इतक्या निष्ठेने उभारला गेला की १९८० मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. दुसरे उदाहरण एड्रियाटिक किनाऱ्यावरील डुब्रॉव्हनिक या बंदराचे. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यावर तोफांचा भडिमार झाला. परंतु कोणती इमारत किती मोडली याची तपशीलवार नोंद तज्ज्ञांनी केलेली असल्यामुळे पुढे हेगच्या न्यायाधिकरणात सेनाधिकाऱ्यांस शिक्षा झाल्या, आणि जीर्णोद्धारही त्याच नोंदींवर चालला. एका ठिकाणी दप्तराने नगर परत दिले, दुसऱ्या ठिकाणी न्याय मिळवून दिला.

काशीपाशी असे दप्तर काय आहे? टांकसाळीचा अधिकारी म्हणून १८२० ते १८३० या दशकात येथे राहिलेला जेम्स प्रिन्सेप याने नगराचा नकाशा काढला, घाट आणि देवालये यांची शिळाछापाची चित्रे प्रसिद्ध केली, आणि पंचगंगा घाटावरच्या आलमगीर मशिदीचे मोडकळीस आलेले मिनार दुरुस्त केले. त्यांपैकी एक मिनार १९४८ मध्ये कोसळला व दुसराही नंतर उतरविला गेला. आज ते उंच मिनार पाहावयाचे झाल्यास प्रिन्सेपच्या चित्रांकडे अथवा जुन्या छायाचित्रांकडे वळावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात काशीच्या यात्रा, देणग्या, घाटांचे खर्च आणि तेथील कारभाऱ्यांची पत्रे आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्या दप्तराचे पंचेचाळीस निवडक खंड संपादिले, पण निवड ती निवडच. उरलेले कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. काशीतील संस्कृत विद्यापीठाच्या सरस्वती भवनात हस्तलिखितांचा अफाट संग्रह आहे. साधने आहेत, परंतु ती एकमेकांस भेटलेली नाहीत: घाटाची पायरी काशीत, तिच्या खर्चाचा कागद पुण्यात, आणि दोहोंचा मेळ घालणारा माणूस कोठेच नाही. मागे दिलेली नामावळी अपुरी राहिली ती याच कारणाने.

युद्ध येवो वा न येवो, या अज्ञानाची किंमत काशी रोज भरते आहे. गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरवर गेले होते. दर पावसाळ्यात पाणी पायऱ्या गिळते, ओसरताना गाळाचा थर ठेवून जाते, आणि दगडी सांध्यांतून आत शिरलेले पाणी भरावाची माती हळूहळू काढून नेते. वरून अभंग दिसणारी पायरी आतून पोकळ होते. शिंदे घाट आपल्याच भाराने खचला आणि विसाव्या शतकात ग्वाल्हेर दरबारास तो पुन्हा सावरावा लागला. त्याशेजारचे कललेले रत्नेश्वराचे देवालय तर सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा ठिकाणी चुन्याच्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरणारी दुरुस्ती उपकारापेक्षा अपकार अधिक करते, कारण सिमेंट पाणी कोंडून ठेवते आणि कोंडलेले पाणी वालुकाश्माचे पापुद्रे सोडविते. मूळ बांधणी कशी होती याचा आराखडाच हाती नसेल तर कंत्राटदारास दोष देऊन काय उपयोग?

विश्वेश्वराच्या देवालयाभोवतीचा विश्वनाथ धामाचा प्रकल्पही याच अंगाने पाहावा. मार्च २०१९ मध्ये पायाभरणी होऊन डिसेंबर २०२१ मध्ये लोकार्पण झालेल्या या प्रकल्पासाठी तीनशेहून अधिक मिळकती संपादून पाडण्यात आल्या, आणि सुमारे तीन हजार चौरस फुटांचा परिसर पाच लाखांच्या आसपास नेण्यात आला. यात्रेकरूंची चेंगराचेंगरी टळली, वृद्धांस दर्शन सुलभ झाले, घरांच्या आत दडलेली चाळीसच्या वर देवालये उघडी झाली, हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाडलेल्या प्रत्येक घराचा नकाशा, त्याच्या मालकीची परंपरा, त्याच्या लाकडी चौकटी आणि शिलालेख यांची संपूर्ण नोंद लोकांसमोर एकत्रित स्वरूपात यावयास हवी होती, आणि तशी ती आलेली नाही. जे देवालय घराच्या पोटात दोनशे वर्षे कसे राहिले हेच कळेनासे होते, त्याचे उघडे होणे हा अर्धाच लाभ होय.

येथे दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, माणसे मरत असताना दगडांची चिंता करणे ही चैन आहे. याचे उत्तर असे की, नोंदीचे काम युद्ध सुरू नसतानाचेच आहे, त्यामुळे ते कोणत्याही जखमी माणसाच्या वाट्याचा पैसा अथवा वेळ हिरावून घेत नाही. शिवाय काशीचा नाविक, पुरोहित, विणकर, माळी हे सारे ज्या नदीतटावर पोट भरतात तो तट गेला तर युद्ध संपल्यावर त्यांनी जगावयाचे कशावर? दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा: काशी अविनाशी आहे, तिला तुमच्या नकाशांची गरज नाही. त्यांना नारायणभट्टांकडेच बोट दाखवावे लागेल. काशीच्या अविनाशित्वावर त्यांच्याहून दृढ विश्वास असणारा पुरुष शोधून सापडणार नाही, आणि तरीही त्यांनी तीर्थांचा तपशील लिहून ठेवण्यात आळस केला नाही.

करावयाचे काय, ते आता नेमके सांगितले पाहिजे. ६ मे २०२५ रोजी, म्हणजे नागरी संरक्षणाच्या त्या तालमीच्या आदल्याच दिवशी, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाची बैठक अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त त्यांच्या जन्मगावी चौंडी येथे भरली आणि देवस्थानांच्या विकासासाठी ५,५०३ कोटी रुपयांचे आराखडे तिने मंजूर केले. अष्टविनायक, तुळजापूर, ज्योतिबा, त्र्यंबकेश्वर, कोल्हापूर, माहूर आणि स्वतः चौंडी यांचा त्यांत समावेश होता. ज्या राणीने आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, सोमनाथापासून काशीपर्यंत, बांधकामे केली तिच्या जयंतीस महाराष्ट्राचा पैसा महाराष्ट्राच्या हद्दीतच थांबावा, हे तिच्या शिकवणुकीशी जुळणारे नाही. या रकमेच्या एका लहानशा अंशात काशीतील मराठी वास्तूंची संपूर्ण मोजणी होऊ शकेल.

ती मोजणी अशी असावी. प्रत्येक घाट, वाडा, मठ आणि देवालय यांची मोजमापांसह रेखाटने आणि त्रिमितीय चित्रण व्हावे. शिलालेखांचे ठसे घेऊन त्यांचे वाचन प्रसिद्ध व्हावे. मालकी, वहिवाट आणि हस्तांतरणाचा इतिहास नोंदवावा, कारण मुनशी घाटावरील वाड्याप्रमाणे नागपूरकरांकडून दरभंग्याच्या महाराजांकडे आणि तेथून हॉटेलाकडे असा प्रवास अनेक वास्तूंनी केला आहे. पुणे अभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मोडी कागदांतील काशीविषयक मजकुराची सूची करावी, काशीच्या विद्यापीठांनी वास्तूंची पाहणी करावी, आणि दोहोंच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या शहरांत ठेवाव्यात, जेणेकरून एका ठिकाणचा आघात सर्वांस बाधणार नाही. १९६८ चा नागरी संरक्षण कायदा २००९ च्या दुरुस्तीने नैसर्गिक आपत्तींनाही लागू झाला आहे. तेव्हा जिल्हा प्रशासनाच्या योजनेत वास्तू आणि हस्तलिखिते यांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यास नव्या कायद्याचीही गरज नाही. २०२१ साली वाराणसीचा ऐतिहासिक नदीतट युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला आहे. अंतिम प्रस्तावास अशी नोंद लागणारच आहे, म्हणजे हे काम कधीतरी करावेच लागेल.

तेव्हा वाचकांस एवढेच सांगणे आहे. काशीयात्रेस जाणाऱ्या सहस्रावधी मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी जुने कागद आहेत: क्षेत्रोपाध्यायांच्या वहीतील वंशावळीची नक्कल, पणजोबांनी घाटाच्या दुरुस्तीस दिलेल्या देणगीची पावती, काशीतील एखाद्या वाड्याचे खरेदीपत्र, वाड्यासमोर काढलेले जुने छायाचित्र. ते ट्रंकेत कुजू न देता त्यांची प्रत जवळच्या इतिहास मंडळास द्यावी आणि आपल्या आमदार-खासदारांस काशीच्या मोजणीविषयी लेखी विचारावे. आपल्या पूर्वजांनी राज्य गमावल्यावरही काशीत दगड रचले. आपल्याकडे राज्य असताना त्या दगडांची साधी यादीही करून ठेवणे आपल्यास जमू नये, हे क्षम्य नाही.